बादलीत सोडलेली नळी आणि आईंची डोकेदुखी

पत्र

आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. घर १९९४ सालचं. सासू-सासरे ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून आलेत, मार्चअखेरपर्यंत राहतील. वर दोनच बेडरूम असल्यामुळे उन्हाळ्यात बेसमेंट फिनिश करून त्यांना तिथे स्वतंत्र खोली केली. घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस आणि गॅसचाच वॉटर हीटर उघडे दिसत होते, म्हणून त्यांच्याभोवती ८ बाय ९ फुटांची खोली उभारली. तिचं दार आई-बाबांच्या खोलीत उघडतं. रात्री आवाज येऊ नये म्हणून दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावली आहे. त्या छोट्या खोलीत बाहेरून आलेली एक सहा इंची चंदेरी नळी आहे. तिचं तोंड एका प्लास्टिकच्या बादलीत सोडलेलं आहे. तिच्यातून बर्फासारखी हवा येते, म्हणून मिस्टरांनी जुनी चादर कोंबून ती बंद केली. फोडणीचा वास घरभर पसरू नये म्हणून यंदा धूर बाहेर फेकणारा ९०० सीएफएमचा हूडही बसवला. गेल्या पंधरवड्यात संध्याकाळी स्वयंपाक करताना बेसमेंटमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोनदा वाजला. दारं उघडली की थांबला. तो बिघडला असावा असं समजून आम्ही बॅटरी काढून ठेवली. पण आईंचं डोकं सकाळी जड असतं, मळमळतं. बाबांनी ऑक्सिमीटर लावून पाहिला तर ९८. खिडक्यांना आतून पाणी सुटतं. आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, जाळीचं दार लावून टाकू. ती नळी उघडावी का? उघडली आणि थंडीने पाण्याचे पाइप फुटले तर? आणि बाबांना घाबरवून न सोडता हे सगळं सांगायचं कसं?

उत्तर

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी ही चार कामं करा.

अलार्ममध्ये बॅटरी घाला. नळीतली चादर काढा. फर्नेस आणि वॉटर हीटर दोन्ही बंद करा. मग सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा: "कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोनदा वाजलाय, घरात एकीला त्रास होतोय." एवढं सांगितलं की ते तुम्हाला पुढच्या आठवड्याची वेळ देत नाहीत, यंत्र घेऊन मोजायलाच येतात. कोणाला चक्कर येत असेल, कोणी पेंगुळलेलं असेल, किंवा अलार्म पुन्हा वाजला, तर थेट ९११. ते येऊन मोजून जाईपर्यंत कोणी त्या बेसमेंटमध्ये झोपायचं नाही. रात्र एखाद्या ओळखीच्या घरी काढावी लागली तर काढा. एवढ्या थंडीत दार उघडणारं मराठी घर मिनेसोटात नक्की मिळेल.

आईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि "कार्बॉक्सिहिमोग्लोबिन" ही रक्ततपासणी नाव घेऊन मागा. बाबांच्या ऑक्सिमीटरवर या बाबतीत अजिबात विसंबू नका. बोटाला लावायचं ते साधं यंत्र रक्तातला प्राणवायू आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड यांच्यात फरक करू शकत नाही, दोन्हींना एकच समजतं. विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवू शकतं. तपासणीला उशीरही नको. माणूस चांगल्या हवेत आला की चार-पाच तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग रिपोर्ट बरा येतो आणि आपण गाफील राहतो.

तुम्ही लिहिलेली एकेक गोष्ट वाचताना माझ्या पोटात गोळा आला. डोकं जड, मळमळ. खिडक्यांना आतून पाणी. स्वयंपाकाच्या वेळी वाजणारा आणि दारं उघडल्यावर थांबणारा अलार्म. या तिन्हींचं कारण एकच असू शकतं. अलार्म बिघडला म्हणून वाजत होता असं मला वाटत नाही. दारं उघडली, हवा आली, म्हणून तो थांबला.

आता त्या नळीबद्दल. याच प्रदेशात घरांच्या फर्नेस दुरुस्त करता करता माझी वीसेक वर्षं गेली. चादर, उशी, वर्तमानपत्रं, फोम, एकदा तर लहान मुलाचं स्वेटर, असं काय काय मी या नळ्यांमधून उपसून काढलंय. कोंबणाऱ्या प्रत्येकाचा हेतू घर उबदार ठेवण्याचाच असतो. बाहेर शून्याखाली २५ अंश असताना घरातल्या एका भोकातून गार वारा आत येतोय, हे बघून शहाण्या माणसाला ते बुजवावंसंच वाटणार. तुमच्या मिस्टरांना बोल लावू नका. ही नळी कशासाठी आहे, हे घर विकताना त्यांना कोणी सांगितलंच नसेल.

ती तुमच्या फर्नेसच्या श्वासाची नळी आहे.

गॅस जळायला हवा लागते हे शाळेत शिकलेलं असतं. किती लागते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. एक घनफूट नैसर्गिक वायू जाळायला कमीत कमी दहा घनफूट हवा लागते. तुमच्या घराच्या वयाची, जुन्या पद्धतीची ८० टक्केवाली (म्हणजे गॅसची ८० टक्के उष्णता घराला देणारी) फर्नेस तासाला साधारण १,००,००० बीटीयूची धरू आणि वॉटर हीटर ४०,०००चा. बीटीयू हे उष्णतेचं माप. नक्की आकडे दोघांच्या अंगावरच्या पट्टीवर "इनपुट" म्हणून छापलेले असतात, ते बघून घ्या. दोन्ही तासभर पूर्ण पेटले तर सुमारे १४० घनफूट गॅस जळतो. म्हणजे नुसत्या ज्योतीपुरती १,४०० घनफूट हवा. ज्योत नीट जळावी म्हणून लागणारी जादा हवा वेगळी, आणि वॉटर हीटरच्या डोक्यावरच्या, कडेने उघड्या पत्र्याच्या छत्रीतून धुराबरोबर चिमणीत जाणारी हवा आणखी वेगळी.

आता तुमची खोली मोजू. ८ बाय ९, वर ८ फूट छत. ५७६ घनफूट. त्यातली सगळी हवा ज्योतीच्या वाट्याला आली तरी पंचवीस मिनिटांत संपेल. अमेरिकेत घरगुती गॅस उपकरणांसाठी जी राष्ट्रीय संहिता वापरतात, एनएफपीए ५४, तिचा साधा हिशेब असा आहे: घरातलीच हवा वापरायची असेल तर दर १,००० बीटीयूला ५० घनफूट जागा हवी. तुमच्या दोन उपकरणांना ७,००० घनफूट. हा हिशेबही थोडीफार हवा आत-बाहेर करणाऱ्या घरांसाठी आहे. फटीनफट बुजवलेल्या घराला तो लागू पडत नाही.

बेसमेंट उघडं होतं तेव्हा काय होतं बघा. ९०० चौरस फुटांचं बेसमेंट आणि आठ फूट उंची धरली तर ७,२०० घनफूट होतात. शिवाय वर ती सहा इंची नळी. तीस वर्षं दोघांचं छान चाललं होतं. उन्हाळ्यात तुम्ही भिंती उभ्या केल्या आणि ७,२०० चे ५७६ झाले. मग दाराला रबर लावलं. मग नळी बुजवली. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी, प्रत्येक वेळी कोणाच्या तरी सोयीसाठी झाल्या.

आणि त्यावर आला हूड. ९०० सीएफएम म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट. तुमची फर्नेस आणि वॉटर हीटर मिळून तासाभरात जेवढी हवा ज्योतीसाठी मागतात, तेवढी हा हूड दीड-दोन मिनिटांत घराबाहेर फेकतो. बाहेर गेलेल्या हवेची जागा दुसऱ्या हवेने घ्यावीच लागते. आपली घरं इतकी घट्ट बांधलेली की ती येणार कुठून? मग जो रस्ता मोकळा सापडेल तिथून येते, आणि तुमच्या घरात सगळ्यात मोकळा, वरपासून खालपर्यंत सरळ रस्ता म्हणजे चिमणी. हवा चिमणीतून खाली उतरायला लागते. धूर उलटतो.

धूर उलटायला फार मोठी ओढही लागत नाही. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात पाच पास्कलचा फरक पडला तरी वॉटर हीटरचा धूर परत घरात येऊ शकतो. पाच पास्कल म्हणजे केवढं? पेल्यात अर्धा मिलिमीटर पाणी घेतलंत तर त्याचा तळावर जेवढा दाब पडेल, तेवढं. गरम धूर हलका असतो म्हणून वर जातो, एवढ्याच भरवशावर ही सगळी रचना उभी आहे. मागे कोणी ढकलणारा नसतो. वॉटर हीटरला पंखा नाही. तुमच्या फर्नेसला धूर ओढणारा छोटा पंखा असेल, पण तिचा आणि वॉटर हीटरचा धूर बहुधा एकाच चिमणीत जातो.

धूर उलटला की पहिल्यांदा घरात येतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. १०० घनफूट गॅस जळला की चार लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन निघतं. ते चिमणीतून बाहेर जायचं, ते घरात राहिलं. तुमच्या खिडक्यांवर त्यातलंच काही येत असावं. (खिडक्या घामेजण्याची इतरही कारणं असतात. चार माणसांचा श्वास, कुकरच्या शिट्ट्या, घरात वाळत घातलेले कपडे. पण तुमच्या बाकीच्या लक्षणांबरोबर हे मी सोडून देणार नाही.) त्यानंतर खरा घात सुरू होतो. बंद खोलीत ज्योतीला ताजी हवा मिळत नाही, म्हणून ती तीच एकदा जळलेली, उष्टी हवा पुन्हा ओढते. त्या उष्ट्या हवेत प्राणवायू कमी. गॅस अर्धवट जळतो, निळी ज्योत पिवळी, लुळी होते, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. तो पुन्हा त्याच खोलीत येतो. दर फेरीला हवा आणखी उष्टी, विष आणखी जास्त.

त्याला वास नाही, रंग नाही. गॅसगळतीचा जो घाण वास आपल्याला ओळखीचा आहे, तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. जळून गेलेल्या गॅसला तो राहत नाही. म्हणून "वास येत नाही, म्हणजे काही नाही" हे इथे चालत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला काही पोचत नाही. अमेरिकेत आगीशिवायच्या अशा अपघाती विषबाधेने दरवर्षी ४०० हून अधिक माणसं जातात. वयस्कर आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना त्याचा तडाखा लवकर बसतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीचं सेंट पॉलमधलं एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. "फर्नेस आवाज करते" एवढीच तक्रार होती. खाली गेलो. फर्नेसच्या खोलीचं दार ओढलं तर ते आतून कोणी ओढून धरल्यासारखं जड लागलं, आणि सोडताच मागे धाडकन बंद झालं. वॉटर हीटरच्या डोक्यावर, जिथे पाण्याचे दोन पाइप आत शिरतात, तिथे लाल-निळ्या प्लास्टिकच्या दोन गोल चकत्या असतात. त्या मेणबत्तीसारख्या वितळून खाली ओघळल्या होत्या. त्यांना वितळवणारा धूर चिमणीत जायचा सोडून महिनोन्‌महिने त्यांच्यावरून बाहेर सांडत होता. छत्रीच्या कडेला काजळीचा पट्टा होता. वरच्या मजल्यावर त्या घरातली लेक आठवडाभर "फ्लू" म्हणून पडून होती. नळी कापडाने बुजवलेली होती, हे वेगळं सांगायला नको. ती मुलगी वाचली. त्या दिवसानंतर मी कुठल्याही घरात गेलो की पहिल्यांदा त्या दोन चकत्या बघतो. तुम्हीही बघा, नुसतं डोळ्यांनी. वितळलेल्या दिसल्या तर फोटो काढून टेक्निशियनला दाखवा.

आता तुमचा प्रश्न. नळी उघडायची का? हो, आजच. पण नुसती चादर काढून तुमचं काम भागणार नाही, हे मात्र नीट समजून घ्या. सहा इंची गोल नळीचं तोंड २८ चौरस इंचांचं. तुमची आत्ताची खोली सगळी हवा बाहेरूनच घेणार असेल, तर एकाच वाटेसाठी संहितेचा हिशेब दर ३,००० बीटीयूला एक चौरस इंच असा आहे. म्हणजे ४७ चौरस इंच, निदान आठ इंची नळी. ती जुनी नळी सगळ्या बेसमेंटच्या जोडीला होती. एकटीच्या जिवावर दोन उपकरणं चालवायला ती कोणी दिलेलीच नव्हती. मिनेसोटाचे स्वतःचे तक्तेही आहेत, तेव्हा शेवटचं माप परवानाधारक टेक्निशियन आणि तुमच्या गावचं परमिट ऑफिस यांनीच ठरवायचं. बेसमेंट फिनिश करताना परमिट घेतलं होतं का? नसेल तर आता घ्या, उशिरा का होईना. तपासनीसाच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नसती.

कॉन्ट्रॅक्टरचं जाळीचं दार. पुष्कळ घरांत हा अगदी बरोबर उपाय आहे. छताजवळ एक आणि जमिनीजवळ एक अशा दोन जाळ्या, दोन्ही कडेपासून बारा इंचांच्या आत, आणि प्रत्येकीला दर १,००० बीटीयूला एक चौरस इंच मोकळी जागा. तुमच्या हिशेबाने १४० चौरस इंच, म्हणजे १० बाय १४ इंचांचं पूर्ण उघडं भोक. यात लोक एक चूक हमखास करतात. जाळीच्या पट्ट्यांनी बरीचशी जागा खाल्लेली असते. माहिती नसेल तर लाकडी जाळीची २५ टक्केच जागा मोकळी धरायची, धातूच्या जाळीची ७५ टक्के. लाकडी जाळी लावायची तर १४० ऐवजी ५६० चौरस इंचांची लागेल.

पण तुमच्या घरात हे करू नका. तुमच्या फर्नेसच्या खोलीचं दार आई-बाबांच्या झोपायच्या खोलीत उघडतं. तिथे जाळी लावणं म्हणजे ज्या हवेत ते रात्रभर झोपणार, त्याच हवेत फर्नेसला श्वास घ्यायला लावणं. ती उलटली तर धूर थेट त्यांच्या अंथरुणावर. अशी साधी गॅस उपकरणं झोपायच्या खोलीत, बाथरूममध्ये, किंवा फक्त तिथेच उघडणाऱ्या खोलीत ठेवायला संहिता मनाई करते, आणि ती योग्यच आहे. सवलत आहे ती दोन प्रकारांना. एक, उपकरण पूर्ण बंदिस्त असेल, म्हणजे एका पाइपाने बाहेरची हवा घेऊन दुसऱ्या पाइपाने धूर बाहेर टाकणारं. दोन, खोलीचं दार भरीव, आपोआप लागणारं, रबराने घट्ट असेल आणि सगळीच्या सगळी हवा बाहेरून येत असेल.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते सांगतो. १९९४ सालची फर्नेस असेल तर तिचं वय झालंय. ती बदलून ९० टक्क्यांच्या वरची, दोन पांढऱ्या पीव्हीसी पाइपांची बंदिस्त फर्नेस बसवली असती, आणि तिच्याबरोबरच वॉटर हीटरही बदलला असता, बंदिस्त गॅसचा किंवा विजेचा. दोन्ही एकदम बदलण्याचं कारण आहे. फर्नेस तेवढी बदलली की जुना वॉटर हीटर त्या मोठ्या चिमणीत एकटा पडतो. एवढ्या थंड, रुंद धुराड्यात त्याचा थोडासा गरम धूर वर चढत नाही आणि तो आधीपेक्षाही सहज उलटतो. खर्च काही हजार डॉलरचा आहे, लहान नाही. तो या हिवाळ्यात जमणार नसेल, तर दुसरा मार्ग: खोलीचं दार आई-बाबांच्या खोलीतून काढून कपडे धुण्याच्या बाजूला फिरवायचं, आणि बाहेरच्या हवेच्या नळीचं माप वाढवून घ्यायचं. काहीही ठरलं तरी तोवर आई-बाबांची झोपायची सोय वरच करा. तुम्ही दोघं हॉलमध्ये गाद्या टाका, चार महिन्यांचा प्रश्न आहे. बेसमेंटमधल्या झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी आहे ना, हेही त्या निमित्ताने बघून घ्या.

पाइप फुटण्याची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण ती बादली उगीच ठेवलेली नाही. थंड हवा जड असते. नळीचं तोंड बादलीत सोडलं की गार हवा बादलीत साचून राहते, विहिरीतल्या पाण्यासारखी, आणि फर्नेस पेटून ओढ घेते तेव्हाच बरीचशी वर येते. बादली काढू नका, तिच्यात झाडू-फडकी ठेवू नका. नळीला बाहेरून इन्सुलेशनचं वेष्टन असावं, कुठे फाटलं असेल तर दुरुस्त करा. खोलीतल्या पाण्याच्या पाइपांना फोमची नळकांडी चढवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. फर्नेस पेटली तरच उघडणारी झडपही मिळते. पण झडप उघडल्याशिवाय फर्नेस पेटूच शकणार नाही, अशी जोडणी टेक्निशियनने करून दिली असेल तरच ती लावायची. हाताने उघड-बंद करायची झडप कधीच नको. आज ना उद्या ती बंद राहणारच.

हूड काढून टाका असं मी म्हणणार नाही. मिरच्या-लसणाची फोडणी बंद घरात काय करते ते मला माहीत आहे. पण पुष्कळ ठिकाणच्या नियमांत ४०० सीएफएमच्या पुढच्या हूडला तेवढीच हवा आत आणायची सोय बंधनकारक आहे. तुमच्या हूडबरोबर ती बसवली का, हे विचारा. तोवर हूड सर्वांत कमी गतीवर, मागच्या बर्नरवर स्वयंपाक, आणि हूड चालू असेपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं उघडी. ड्रायर, बाथरूमचे पंखे आणि शेकोटी हेही हवा बाहेरच फेकतात. सगळं एकदम चालवू नका.

आणखी एक जागा टेक्निशियनला आवर्जून दाखवा. फर्नेसचा मोठा पंखा घरातली थंड झालेली हवा पत्र्याच्या डक्टमधून परत ओढतो. त्या डक्टला फर्नेसच्या खोलीतच फट असेल, फिल्टरच्या खाचेचं झाकण हरवलं असेल, तर पंखा त्या छोट्या खोलीतूनच हवा खेचतो. मग धूर उलटतो तो उलटतो, वर तोच धूर पंखा घरभर वाटत फिरतो. आणि ब्लीच, रंगाचे डबे, थिनर त्या खोलीत ठेवू नका. त्यांची वाफ ज्योतीत गेली की आम्ल तयार होऊन फर्नेस आतून गंजते.

सगळी दुरुस्ती झाल्यावर दर हिवाळ्याच्या सुरुवातीला तुम्ही स्वतः एक परीक्षा घ्यायची. देवघरातली एक उदबत्ती पुरते. (गॅसचा वास येत असेल तर काडी ओढायची नाही, घराबाहेर पडून फोन करायचा.) सगळ्या खिडक्या-दारं लावा. हूड, ड्रायर, बाथरूमचे पंखे चालू करा. गरम पाण्याचा नळ सोडून वॉटर हीटर पेटू द्या. पाच मिनिटं थांबा, आणि पेटलेली उदबत्ती त्याच्या डोक्यावरच्या छत्रीच्या कडेने हळूहळू फिरवा. धुराची रेघ आत खेचली गेली तर चिमणी ओढतेय. रेघ थरथरून तुमच्याकडे वळली, तर लगेच सगळं बंद करून खिडक्या उघडा आणि टेक्निशियनला बोलवा. टेक्निशियनकडे याहून चांगली यंत्रं असतात. ही परीक्षा त्यांच्या वार्षिक तपासणीच्या जोडीला करायची, तिच्याऐवजी नाही.

अलार्मबद्दल दोन गोष्टी. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे झोपायच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत एक हवा. आणि यूएल २०३४ हे मानक पाळणारा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) वाजायला एक ते चार तास घेतो, ४०० ला चार ते पंधरा मिनिटं. त्याहून कमी प्रमाणात तो गप्प बसू शकतो, आणि आईंसारख्या माणसाला तेवढ्यानेही रोज डोकं दुखू शकतं. म्हणून आकडा दाखवणारा, कमी प्रमाणही नोंदवणारा एक घ्या. मागे छापलेली मुदत बघा, पाच ते दहा वर्षांत तो संपतो.

राहिले बाबा. तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही हे. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला बंद खोलीतली आग नवी नाही. त्यांना विचारा, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली की म्हाताऱ्या बायका दार का किलकिलं ठेवायला लावायच्या. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना छतात सवणं, म्हणजे झरोके, ठेवत, ते उजेडाबरोबर चुलीच्या धुरासाठीही. आणि बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या त्यांनी पुण्या-नाशिकच्या पानांवर वाचल्या असतील. ही तीच गोष्ट आहे, फक्त इथे शेगडी भिंतीआड आहे आणि तिचं सवणं चादरीने बुजलं होतं. एवढं सांगितलंत तर पुढचं ते तुम्हाला समजावतील.

त्यांना कामही द्या. नवी फर्नेस बसली की तिचे दोन पांढरे पाइप घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर निघतील. मोठा बर्फ पडला, वाऱ्याने ढीग लागला, की ते गाडले जातात. बर्फ थांबल्यावर त्या पाइपांवर नजर टाकायची आणि गाडलेले दिसले तर तुम्हाला लगेच फोन करायचा, हे काम बाबांचं. फावडं तुमच्या मिस्टरांनी मारायचं.

दिवसा ते दोघं घरी एकटे असतात. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत ९११, घराचा पूर्ण पत्ता आणि "कार्बन मोनॉक्साइड" हे दोन शब्द लिहून चिकटवा. आज अलार्मचं टेस्ट बटण दाबून आईंना आवाज ऐकवा: चार वेळा टीं-टीं-टीं-टीं, मग थोडा थांबा, मग पुन्हा चार. मिनिटा-मिनिटाला एकच "टीं" येत असेल तर बॅटरी किंवा मुदत संपलीय. चार आले तर उठायचं आणि बाहेर पडायचं, गॅस बंद करत बसायचं नाही, बाहेर गेल्यावर फोन. आणि दोघांचे कोट, बूट, टोप्या वरच्या दाराशी टांगून ठेवा. बेसमेंटच्या कपाटात नकोत.